मदत हवी आहे: फोनचं वजन खरंच जाणवतं का? १७१ ग्रॅम की २२२? लवकर सांगा

कराडकर_९१
दोन फोनवर गाडी अडकलीये. एक १७१ ग्रॅमचा आहे, बॅटरी ४३१० एमएएच. दुसरा २२२ ग्रॅम, बॅटरी ६०००. बाकी सगळं बघून झालंय, ते चालतंय. प्रश्न एवढाच की हा ५१ ग्रॅमचा फरक रोज वापरताना हाताला जाणवतो का नुसता कागदावर दिसतो? यूट्यूबवाले सगळे "हातात प्रीमियम वाटतो" म्हणतात, त्यातून काय घ्यायचं कळत नाही. ऑफर उद्या रात्री संपतेय, प्लीज आजच सांगा.

सह्याद्री_संदीप
मॉडेल कुठली? बजेट किती? गेम खेळता का? आत्ता कुठला वापरताय? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

शॉपीवाला_इचल
चौदा वर्षं मोबाईलचं दुकान आहे माझं, स्पष्ट सांगतो. गिऱ्हाईक येतं ते बॅटरी किती, कॅमेरा किती मेगापिक्सल, किती जीबी आणि हप्ता किती बसेल एवढंच विचारतं. वजन किती हे विचारणारा महिन्यात एखादा, तो पण सहसा कॉलेजचा. उलट हलका फोन हातात दिला की गावाकडचा माणूस तळहातावर दोनदा तोलून बघतो आणि विचारतो, हा शोचा पीस आहे का, आत बॅटरी आहे ना? भरीव वाटला की मजबूत आहे असं लोकांच्या डोक्यात बसलंय. ६००० वाला घ्या, चार महिन्यांनी वजन विसरून जाल पण बॅटरी रोज आठवेल.

मिनीच_बरा
@शॉपीवाला_इचल दादा, लोक विचारत नाहीत म्हणजे त्यांना त्रास होत नाही असं नाही ना. मी आयफोन १३ मिनी वापरतो, १४१ ग्रॅम. डोंबिवली ते सीएसएमटी एका हाताने कडी धरून उभा असतो, दुसऱ्या हातात फोन आणि अंगठा पार वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. बायकोचा १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅमचा आहे, झोपून वाचताना तो नाकावर पडला की डोळ्यात पाणी येतं. जुना चांगल्या स्थितीतला मिनी मिळाला तर डोळे झाकून घ्या.

टेकगुरव
मिनीचं उदाहरण देऊ नका, ते तुमच्याच विरोधात जातं. २०२० ला १२ मिनी आला, २०२१ ला १३ मिनी, आणि २०२२ ला कंपनीने नवा मिनी न काढता त्या जागी मोठा १४ प्लस आणला. लोकांना छोटा हलका खरंच हवा असता तर असं झालं असतं का? इंटरनेटवर छोटा फोन मागणारे शंभर आणि दुकानात जाऊन पैसे मोजणारे पाच.

मिनीच_बरा
मिनी पडला तो बॅटरीमुळे, वजनामुळे नाही. १२ मिनी संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही हे मी पण मान्य करतो. लोकांनी हलकेपणा नाकारला नाही, हलकेपणासाठी मागितलेली किंमत नाकारली. आणि ग्राहकाला वजन कळतच नाही तर १४ प्रो मॅक्सचं २४० वरून १५ प्रो मॅक्सचं २२१ करायला टायटॅनियम कशाला वापरलं? सॅमसंगने पण एस२४ अल्ट्रा २३२ चा एस२५ अल्ट्रा २१८ वर आणलाच की.

टेकगुरव
बरोबर, पण स्क्रीन छोटी केली नाही आणि बॅटरी पण कमी केली नाही, हे बघा. जिथे बॅटरी कापून फोन पातळ केला, म्हणजे एस२५ एज १६३ ग्रॅम पण ३९०० बॅटरी, आयफोन एअर १६५ ग्रॅम पण ३१४९, तिथे गाजावाजा झाला तेवढे लोक वळले नाहीत. फुकटात मिळाला तर हलकेपणा सगळ्यांना हवा असतो हो. आता सिलिकॉन कार्बन बॅटऱ्या आल्यात, तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो. विवो टी४ बघा, ७३०० बॅटरी आणि वजन १९९. मी तोच सुचवेन, मधला मार्ग.

नोकियाचे_दिवस
१२ हजार असो की लाख, एवढ्या मोठ्या पाट्या लागतात कशाला. नोकिया ११०० होता ८६ ग्रॅमचा, शर्टाच्या खिशात आहे हे पण विसरायचो, टॉर्च होता, एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको. आमच्या गावात लाईट गेली की त्याच टॉर्चवर जेवणं व्हायची.

कराडकर_९१
अहो ११०० नाही घ्यायचाय. मॉडेल मोटो एज ५० निओ आणि सॅमसंग एम३५. बजेट पंचवीसपर्यंत. गेम नाही, फोटो नाही, कॉल व्हॉट्सॲप आणि एक सरकारी ॲप. टी४ ची स्क्रीन पण मोठीच आहे. फरक जाणवतो का एवढंच विचारलंय, त्यावर कोणीच बोलत नाहीये.

मनाली_घरून
ग्लास आत्ताच लावून घ्या आणि मॅट घेऊ नका, उन्हात काही दिसत नाही. व्हॉट्सॲपमधलं ऑटो डाउनलोड पण पहिल्या दिवशीच बंद करा, गुड मॉर्निंगचे फोटो साठून माझे ६४ जीबी भरले होते.

सह्याद्री_संदीप
सरकारी ॲप कुठलं? आणि फोन नक्की तुम्हालाच ना? ५१ ग्रॅम म्हणजे कोंबडीचं एक अंडं. तरुण धडधाकट माणसाला आठवड्यात सवय होते.

कराडकर_९१
आईला घ्यायचाय. अंगणवाडी सेविका आहे, पोषण ट्रॅकर चालवते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणून डॉक्टरांनी पट्टा दिलाय, फोन कमी वापरा म्हणाले, पण कामच फोनवर आहे तर कमी कसा वापरणार.

सह्याद्री_संदीप
अहो हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! आम्ही इकडे टायटॅनियमवर भांडत बसलोय.

रमा_फिजिओ
थांबा, आता प्रश्न वेगळा झाला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखतं आणि डबा उघडताना, बाळ उचलताना कळ येते, असं आहे का? डॉक्टरांनी डी क्वेरव्हेन हा शब्द वापरला का? अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, तिथे एका अरुंद खोबणीतून जातात, तिथे सूज येते. पेशंट बघून माझं मत असं की अशा हाताला नुसते ग्रॅम नाही, रुंदी जास्त छळते. फोन रुंद असला की तो पकडून परत अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत ताणावा लागतो, दिवसातून शेकडो वेळा. दुसरं म्हणजे उंच फोन खालून धरला की वरचं वजन मनगटाला ओढतं, काठीच्या टोकाला पिशवी अडकवल्यासारखं. निओ ७१ मिमी रुंद आहे, एम३५ जवळजवळ ७९. मी ५१ ग्रॅमपेक्षा या सात-आठ मिमीकडे बघेन. पण फोन बदलून सूज जात नाही, पट्टा आणि व्यायाम सोडू नका. डाव्या हातात फोन, उजव्या हाताच्या बोटाने टाईप, आणि मराठी व्हॉइस टायपिंग चालू करून द्या.

पदराची_गाठ
मी पण सेविका आहे, सोलापूर जिल्हा. दादा, तुमच्या आईचं मला कळतंय कारण माझा पण तोच हात गेलाय. बसून टाईप करायला काही वाटत नाही. टीएचआर, म्हणजे घरी न्यायच्या शिध्याच्या वाटपाच्या दिवशी काय होतं ते ऐका. आता चेहरा पडताळणी आहे, बाईच्या चेहऱ्यासमोर फोन सरळ उभा धरायचा, तिने डोळे मिचकावायचे, उजेड कमी पडला की परत, बाळ रडायला लागलं की परत, नेट गेलं की परत. दुसऱ्या हातात रजिस्टर असतं. हात लांब करून धरलेला फोन तिसऱ्या-चौथ्या बाईपर्यंत दगड होतो. त्यात साडीला खिसा नाही, मग तो पाऊचमध्ये गळ्यात, मान दुखते. म्हणून वजन जाणवतं का म्हणाल तर हो, जाणवतं. पण बॅटरी पण सोडू नका, आमच्याकडे दुपारी लाईट नसते आणि फोन बंद पडला की घरी येऊन रात्री परत सगळं बसून करावं लागतं.

शॉपीवाला_इचल
ताई हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडे येणारा माणूस काउंटरवर दोन मिनिटं फोन धरतो, तो पण छातीजवळ. हात लांब करून कोणी बघतच नाही.

टेकगुरव
मग टॅब घ्या ना, स्टँडवर ठेवा, हातात धरायचंच नाही.

पदराची_गाठ
घरोघरी भेटीला टॅब आणि स्टँड घेऊन कुठे हिंडू? गरोदर बाईच्या घरात चुलीपुढे बसून भरते मी माहिती.

टेकगुरव
बरं, घरभेटीचा विचार केला नव्हता मी. टॅबचं सोडा.

सह्याद्री_संदीप
@कराडकर_९१ आईचा आत्ताचा फोन कव्हरसकट किती भरतो ते मोजलंय का? स्पेसमध्ये लिहितात ते उघड्या फोनचं. माझ्या वडिलांच्या फोनला चुंबकाचं जाड कव्हर, मागे रिंग, आत पावत्या, असला सरंजाम असतो.

कराडकर_९१
आईला फोन करून विचारलं तर म्हणाली थांब, आणि पाच मिनिटांनी केंद्रातल्या बाळांच्या डिजिटल काट्याचे दोन फोटो पाठवले मदतनीस मावशींच्या फोनवरून. पहिल्या फोटोत फ्लिप कव्हरसकट, काटा ०.२९० दाखवतोय. दुसऱ्यात उघडा फोन, ०.२०५. म्हणजे कव्हरचेच ८५ ग्रॅम! कव्हरमध्ये काय काय आहे विचारलं तर आधार कार्ड, एटीएम, एसटीच्या सवलतीचं कार्ड, दोन पाचशेच्या नोटा, केंद्राच्या कपाटाची किल्ली आणि देवीचा पितळी टाक. मी इकडे ५१ ग्रॅमसाठी दोन दिवस डोकं लावतोय आणि ती रोज त्याहून जास्त नुसतं कव्हरमध्ये घेऊन फिरते. डॉक्टरांनी डी क्वेरव्हेनच लिहिलंय, चिठ्ठी आता बघितली.

रमा_फिजिओ
ते कव्हर आजच काढा. फ्लिप कव्हर उघडं धरलं की झाकणाचं वजन एका बाजूला लटकतं आणि मनगट पिळलं जातं, ते अजून वाईट. किल्ली, कार्डं छोट्या पाकिटात. फोनला साधं पातळ सिलिकॉनचं कव्हर.

मिनीच_बरा
म्हणजे माझं बरोबरच होतं, ग्रॅम मोजायला पाहिजेत.

टेकगुरव
तुम्ही आयफोन सुचवत होतात आणि गटातल्या सगळ्या सेविका अँड्रॉइडवर एकमेकींना दाखवून शिकतात, तिथे त्या एकट्या पडल्या असत्या. वजनाचा मुद्दा मान्य, मिनीचा नाही.

कराडकर_९१
अपडेट देतोय. ऑफर गेली, आठशे रुपये जास्त पडले, पण रविवारी आईला घेऊन कराडला दुकानातच गेलो. डमी नको म्हटलं, चालू फोन द्या. दोन्ही फोन तिच्या हातात दिले आणि मी समोर खुर्चीवर बसलो, म्हटलं माझा चेहरा टिपतेस तसं धर. एम३५ दोन मिनिटांत तिने डाव्या हातात बदलला, स्वतःच्या लक्षात पण आलं नाही. निओ धरून ती दुकानदाराशी बोलत राहिली, त्याच्या सुनेचं बाळ किती महिन्यांचं, वजन किती, लस झाली का, सगळं विचारून झालं तरी हात तसाच. निओ घेतला. बॅटरीसाठी १०००० ची पॉवर बँक घेतली, ती पिशवीत राहील, हातात नाही. @पदराची_गाठ ताई, तुमच्यामुळे उभं धरून बघायचं सुचलं, नाहीतर मी ६००० बघून एम३५ च मागवणार होतो. टाक तिने मंगळसूत्राच्या डबीत ठेवलाय. कव्हर मात्र परत फ्लिपच हवंय म्हणते, ती समजूत अजून काढतोय.

पदराची_गाठ
फ्लिप का हवं असतं सांगू का, पातळ कव्हर घातलं की फोन घामाच्या हातातून सटकतो. मागे खरखरीत असेल असं बघा, आणि दोरी अडकवायला भोक असलेलं. मिळालं तर मला पण नाव सांगा, मी पण इथे काटा लावून बघितला, माझा ०.२७५ आहे.