अनुभव धागा: आपल्या गावातून चालत गेलात का कधी?

डिसेंबरात चार दिवस गुहागरला होते. पहिल्याच दिवशी गाडी बंद पडली, गॅरेजवाला म्हणाला पार्ट चिपळूणहून यायला हवा, आणि त्या कृपेने मी जवळजवळ तीस वर्षांनी आमच्या गावातून पायी फिरले. एरवी आम्ही गाडी थेट अंगणात नेतो, चार दिवस मासे-मोदक खातो, परत येताना सोलं-कोकमाच्या पिशव्या भरतो. गाव दिसतं ते काचेतून.

ज्यांनी गुहागर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: गाव म्हणजे समुद्राला समांतर असा एकच लांबलचक रस्ता. दोन्ही हातांना घरं, समुद्राकडच्या घरांमागे नारळ-पोफळीची आगरं, आगर संपलं की सुरूची झाडं आणि मग पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. वरच्या पाटातल्या दुर्गादेवीपासून निघाले, बाजारात व्याडेश्वराला नमस्कार केला आणि खालच्या पाटाला लागले. कोणाचा कुत्रा अंगावर येतो, कोणाकडे मागितलं तर पाण्यासोबत गूळही मिळतो, कुठल्या गडग्यावरून उडी मारली की पाच मिनिटं वाचतात, हे सगळं डोक्याच्या आधी पायांना आठवत होतं. एका वळणाला मी उगाचच भरभर चालायला लागले. नंतर लक्षात आलं, इथे तो कुत्रा होता.

आमच्या घराची पायरी जांभ्याची. तिच्या डाव्या कोपऱ्यात वाटीएवढी खळगी आहे. आम्ही सगळी भावंडं तिथे बदाम फोडायचो (आपला किनाऱ्यावरचा, लाल-पिवळ्या फळाचा बदाम, दुकानातला नव्हे). घरात आता भाडेकरू आहेत. खळगीत पाहिलं तर ताजी टरफलं! त्यांचा सातेक वर्षांचा मुलगा दगड हातात घेऊन उभा होता. मला म्हणाला, "हा दगड ह्याच्याचसाठी केलाय." मी बरं म्हटलं.

तर लिहा. चालत गेलात का, काय भेटलं? गोड गोडच लिहायला हवं असं नाही.

*

श्रीवर्धन

मी २०२० च्या दिवाळीत गेलो होतो. ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेलं होतं. फोनवर काका "बरीच पडली" एवढंच म्हणाले होते. बरीच म्हणजे काय ते आगरात पाऊल टाकल्यावर समजलं. आमच्याकडची रोठा सुपारी नावाजलेली. आजोबा बेडे सोलायला बसले की आम्हाला मोजायला बसवायचे. त्या पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा एकमेकींवर आडव्या. पाच महिन्यांत निम्म्याच तोडून बाजूला झाल्या होत्या.

पण मी हललो तो वेगळ्याच गोष्टीने. मागच्या पडवीतून समुद्र दिसत होता. आमच्या घरातून समुद्र कधी दिसलाच नव्हता, नुसता ऐकू यायचा. लहानपणी रात्री गाज ऐकत "तो किती लांब आहे" यावर आमची भांडणं व्हायची. आजीला आता तो दिसतो, पण ती त्या बाजूला तोंड करून बसत नाही. म्हणते, उघडंउघडं वाटतं.

नवीन रोपं लावली आहेत. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. मध्ये केळी घातल्यात.

*

मालवण

माझं माहेर भरडाजवळ. मागल्या मे महिन्यात मी एकटीच बंदराकडे चालत निघाले, कारण आईची एक गोष्ट मला जागेवर जाऊन पाहायची होती. तिच्या लहानपणी मुंबईहून बोट यायची. बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर उभी राहायची आणि होड्या जाऊन माणसं उतरवून आणायच्या. आजोबा कापड बाजारात नोकरीला, वर्षातून एकदा यायचे. भोंगा ऐकला की आई आणि मावशी धावत बंदरावर. एकदा होडीतून आजोबा उतरले आणि मावशीने त्यांना ओळखलंच नाही. ती दुसऱ्याच एका गृहस्थाचा हात धरून "बाबा" म्हणून रडायला लागली. त्या गृहस्थांनी तिला कडेवर घेऊन आजोबांकडे दिलं, खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली आणि निघून गेले. आजोबांनी मात्र घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. आई हे दरवेळी हसत हसत सांगायची. तिथे उभं राहून समोर सिंधुदुर्ग पाहताना मला पहिल्यांदा आजोबांच्या बाजूने ती गोष्ट कळली.

परत येताना एका म्हातारीने खळ्यातून हाक मारली. "गो बाय, कोणाचा चेडू तू?" वडिलांचं नाव सांगितलं. "तरीच! नाक बापाशीचा. ये, बस, च्या घेऊन जा." मी पन्नाशीची आहे. चेडू!

*

रत्नागिरी

गोड नको म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या आळीत मी मुद्दाम चालत जात नाही. घर आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे नाही. सातबाऱ्यावर एकोणतीस नावं, त्यातली अकरा माणसं हयात नाहीत, वारस नोंद कोणी करायची यावर तीन चुलतभाऊ बोलत नाहीत. कौलं माजघरात पडली आहेत. मागल्या वर्षी कामासाठी गेलो तेव्हा गाडीतळावर उतरलो आणि पाय आपोआप पाखाडीकडे वळले. त्या पाखाडीच्या पायऱ्या मी आजही डोळे मिटून उतरेन. कुंपणापर्यंत गेलो. आतल्या फणसाला खोडापाशी पाच फणस लागलेले, वरचे दोन पिकून फुटलेले, घमघमाट सुटलेला. बरका आहे तो, आईला फार आवडायचा. एकोणतीस मालक, आणि खातात माकडं.

*

(धागाकर्ती) रत्नागिरी, तुमचं वाचून गप्प झाले. आमच्याकडे भाडेकरू आहेत ते याच भांडणातून निघालेला तोडगा म्हणून. निदान चूल पेटते.

*

चिपळूण

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर माणसाच्या उंचीच्या वर पाणी होतं. सामान गेलं ते गेलं, अल्बम गेले. चिखल उपसताना आईच्या हाताला लग्नाचा अल्बम लागला, उघडला तर पानं एकमेकांना चिकटलेली आणि चेहरे वाहून शाई झालेली. तिने तो मिटला आणि कचऱ्यात न टाकता कपाटावर ठेवला, तो अजून तिथेच आहे.

त्यानंतर बाबांनी एक उद्योग सुरू केला. रविवारी सकाळी आम्ही दोघं चिंचनाक्यापासून बाजारपेठेतून चालतो आणि ते जागा दाखवतात. इथे तुझ्या मुंजीची पत्रिका छापली. इथे आत्याचं लग्न जमलं, म्हणजे मुलाकडचे या दुकानात छत्री घ्यायला थांबले होते आणि आजोबा मालकाशी गप्पा मारत बसले होते. मी फोनवर रेकॉर्ड करतो. ते एकच गोष्ट तीनदा सांगतात आणि तिन्ही वेळा छत्रीचा रंग वेगळा असतो. आईला विचारलं तर म्हणाली, "पाऊसच नव्हता. एप्रिल होता."

*

मुंबईतून, मूळ कणकवलीकडचे

आमचं म्हणजे चाकरमान्यांचं गाव. जन्म लालबागचा, त्यामुळे बालपणाचं गाव म्हणायला जरा लाजच वाटते. पण १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधी रात्रभर एसटीत ओकत ओकत जे पोचायचो, आणि पहाटे फाट्यावर उतरून बॅटरीच्या उजेडात वाडीपर्यंत चालायचो, ते चालणं माझंच आहे. आता रस्ता दारापर्यंत आलाय. बॅटरी वडिलांची होती, पितळी, तीन सेलची. ती अजून चालते.

*

देवगड तालुका

मी गाव सोडलेला नाही, म्हणून मला परत यायचा अनुभव नाही. तुम्ही सगळे ज्या रस्त्याने वर्षाकाठी भावूक होऊन चालता, त्या रस्त्याने मी रोज दूध घालायला जातो. (राग मानू नका, वाचायला मजा आली.)

माझ्याकडे पाच बंद घरांच्या किल्ल्या आहेत. खुंटीवर ओळीने लावल्यात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी. नारळ पाडून घेणं, वीजबिल, वाळवी बघणं हे सगळं करतो, पैसे कोणी देतं कोणी देत नाही. गणपतीच्या आठ दिवस आधी घरं उघडतो. तीन-चार महिने बंद राहिलेल्या घराचा एक वास असतो, ओल आणि उंदीर आणि जुनं भात असा मिळून. खिडक्या उघडल्या की दोन दिवसांत तो जातो. तुम्ही येता तेव्हा तो गेलेला असतो, म्हणून तुम्हाला तो माहीत नाही. हिरव्या चिंधीच्या घरात भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. मालक मागल्या साली रंग काढा म्हणाले, तेव्हा रंगाऱ्याला मी तेवढी भिंत सोडायला सांगितली. त्यांना अजून सांगितलेलं नाही, आले की बघतील.

आणि एक विनंती, सगळ्यांनाच. कौलं चाळून घ्यायची असतील तर एप्रिलमध्ये सांगा. मृगाच्या आदल्या दिवशी फोन करून "जरा बघ ना रे" म्हणू नका. तेव्हा माणूस मिळत नाही.