सेकंडहँड गाडीच्या कार्पेटखाली पुराचा गाळ निघाला, शोरूमवाला हात वर करतोय, काय करू?

तासगावचा_बागायतदार:
नमस्कार मंडळी. बेदाण्याचे पैसे आले म्हणून यंदा गाडी घ्यायचं ठरवलं, आईला गुडघ्याच्या ट्रीटमेंटला सारखं मिरजेला न्यावं लागतं आणि एसटीत तिचे लय हाल होतात. सांगलीतल्या एका मोठ्या सेकंडहँड शोरूममधनं २०१८ ची डिझेल स्विफ्ट घेतली, ४ लाख ६० हजार. सांगलीत गाडी बघायची म्हणजे पहिला प्रश्न पुराचाच, तो मी विचारलाच होता, तर सेल्समन म्हणाला दादा डॉक्टरांची गाडी हाय, सिंगल हँड, पाण्यात चाकसुद्धा भिजलेलं नाही. आता एसी लावला की कुबट वास येतो, मागची काच मधेच बंद पडते आणि एअरबॅगचा लाईट जातच नाही. इलेक्ट्रिशियननं सीट काढून कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ, सीटच्या पट्ट्या गंजलेल्या, वायरिंगच्या सॉकेटवर हिरवट बुरशीसारखं चढलेलं. शोरूमला गेलो तर मालक भेटत नाही, पोरं म्हणतात पावतीवर छापलंय ना 'जशी आहे तशी घेतली'. वर आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर, विचारलं की 'होतंय की'. एवढं तोंडावर खोटं बोलून गाडी गळ्यात मारायची म्हणजे काय? पैसे परत मिळतील का?

कुपवाड_गॅरेज:
दादा पहिली गोष्ट, काहीही रिपेअर करू नका आणि गाळ पुसू नका, तोच तुमचा पुरावा हाय. आहे तसा व्हिडिओ काढा, त्यात चेसिस नंबर दिसला पाहिजे. चारी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातकट रेघ असते, वरनं कितीही ड्रायक्लीन केलं तरी ती जात नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात पण बघा. मग कंपनीच्या ऑथराईज्ड सर्व्हिस सेंटरला नेऊन चेक करून जॉबकार्डवर 'पाणी शिरल्याच्या खुणा' असं लिहूनच घ्या, आणि गाडीच्या नंबरवरनं जुनी सर्व्हिस हिस्ट्री मागा, किलोमीटर फिरवलेत का ते पण तिथंच कळतंय. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्याकडं टोचन करून आणलेल्या गाड्यांची रांग लागलेली, २०२१ ला परत तेच. इन्शुरन्सनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून निकालात काढलेल्या गाड्या लिलावात स्वस्तात उचलून, धुवून, सीटकव्हर घालून विकणारे तेव्हापासनं आहेतच.
आणि आईंना त्या गाडीत बसवू नका. एअरबॅगचं युनिट खाली फ्लोअरवर गिअरजवळ असतं, त्यात पाणी गेलं असलं तर ऐनवेळी एअरबॅग उघडंल याची गॅरंटी कोणीच देणार नाही.

मिरजकर_ताई:
'जशी आहे तशी' छापलं म्हणून खोटं बोलायचं लायसन मिळत नाही हो. मालाबद्दल खोटी माहिती देऊन विकणं ही ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझ्या भावाची फ्रिजची केस आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात लढवली त्यामुळे सांगते, किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर (आधीचं ई-दाखिल) ऑनलाईन पण करता येते, फक्त २ वर्षांच्या आत. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर तक्रार नोंदवा आणि शोरूमला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा, १५ दिवसांत पैसे परत द्या म्हणून. पोचपावती जपून ठेवा. त्या सेल्समनशी व्हॉट्सअपवर काही बोलणं झालं असेल तर डिलीट करू नका, 'पुरातली नाही' असं लिहिलेलं सापडलं तर सोनंच. निकालाला वेळ लागतो हे खरं, पण नोटीस गेली की बरेच जण स्वतःहून फोन करतात.

सातारा_एमएच११:
आरसीचं हलक्यात घेऊ नका. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्स जुन्या मालकाच्या नावावर, क्लेमला डोकेदुखी तुम्हाला. परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून कितवा मालक आणि बँकेचा बोजा हाय का ते आजच बघा, सिंगल हँड म्हणून तिसऱ्या मालकाची गाडी खपवतात. आणखी एक, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन लागतं, आणि मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून आरटीओला कळवायचं असतं. तुमच्या शोरूमकडं ते हाय का, सांगली आरटीओला (एमएच १०) लेखी विचारा. नसलं तर नोटिशीत तो मुद्दा घालाच.

तासगावचा_बागायतदार:
सगळ्यांचे मनापासून आभार. साईटवर बघितलं, दुसरा मालक दाखवतंय, म्हणजे सिंगल हँड पण खोटंच. व्हॉट्सअपवर सेल्समनचा मेसेज सापडला, 'पूरग्रस्त नाही, बिनधास्त घ्या'. स्क्रीनशॉट काढलाय. गाडी नावावर करायच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर शोरूमनं माझ्या सह्या घेतल्यात, नोटीस देताना ते परत मागू का?

सातारा_एमएच११:
हो, मागाच, नोटिशीतच लिहा. पैसे परत घ्यायचे असतील तर आता ट्रान्सफर लवकर करा असं त्यांना म्हणू नका, उलट 'व्यवहार रद्द करतोय, माझ्या सहीचे फॉर्म वापरू नयेत' असं स्पष्ट घाला. आणि गाडी परत देताना लेखी पोच घेतल्याशिवाय चावी हातात देऊ नका.