बाटलीवरचं बाळ, सोळा तासांचं विमान आणि शेजारच्या सीटवरचे विद्वान

दीडशहाणी
'खिडकीची जागा' या नावाने इथे लिहिणाऱ्यांचं परवाचं लिखाण ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मुंबईहून नेवार्कला जाताना यांच्या शेजारी चार महिन्यांचं बाळ आलं. बाळाची आई दर तीन तासांनी बेल दाबून गरम पाणी मागत होती, वरचा दिवा लावत होती, पावडर सांडत होती. शेवटी निष्कर्ष असा की "अंगावर पाजायचं जमत नसेल तर वर्षभर घरी बसावं, बाकीच्यांनी का सोसायचं?" त्यावर "अगदी मनातलं बोललात"चा पाऊस.

सोडून देणार होते, नाही सुटलं.

डब्याचं दूध म्हणजे आयांनी शोधलेली सोय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा या प्रवासाची पिशवी भरून दाखवावी. उकळून कोरड्या केलेल्या बाटल्या. कप्प्याकप्प्यांचा डबा, एकेका कप्प्यात एका वेळची पावडर मोजून. उकळत्या पाण्याचा थर्मास, उकळून गार केलेलं पाणी वेगळं. विमानाला उशीर होणार हे गृहीत धरून सगळं दीडपट. 'आधीच करून ठेवा' म्हणणाऱ्यांनो, केलेलं दूध बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नसतं आणि बाळाने तोंड लावून उरवलं तर तेही ओतायचं असतं. म्हणून बेल. हौस म्हणून नाही.

सुरक्षा तपासणीत द्रवांच्या शंभर मिलीच्या नियमातून बाळाच्या दुधापाण्याला सूट आहे, प्रवासाला लागेल तेवढं नेता येतं. तरी एका विमानतळावर (नाव सांगत नाही) मला थर्मासमधला घोट घ्यायला लावला. म्हटलं, दादा, उकळतं आहे. तर म्हणाले, झाकणात ओता आणि फुंकर मारा. मागे शंभर माणसं, कडेवर बाळ, आणि मी झाकणावर फुंकर मारतेय.

आता पैशाचं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं तिकीट आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के. त्यात सीट नाही. देशातल्या एका विमानात तर मला सांगितलं की बाटलीत गरम पाणी देता येणार नाही, नियम नाही. पुढच्याच रांगेत कपातल्या उपम्यावर वाफाळतं पाणी ओतणं चालू होतं! उपम्याला नियम आहे, बाळाला नाही. राग धरायचाच तर कंपनीवर धरा. आईवर धरणं सोपं पडतं, एवढंच.

खिडकीची जागा
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. बाळ रडण्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच, बाळ रडणारच. तक्रार होती ती माझ्या डोक्यावरून चाललेल्या बाटल्यांच्या वाहतुकीबद्दल. मी खिडकीत, ताई मधे, हवाईसुंदरी पॅसेजमध्ये, आणि गरम पाण्याचा कप कुठल्या न्यायाने माझ्या मांडीवरून जात होता ते देव जाणे. तिकिटाला लाखाच्या वर मीही मोजलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस होतं.

आणि बाळांसाठी पुढची बासिनेटची (भिंतीला लावायच्या पाळण्याची) रांग असते ना? मग तिथे बसवा. आमच्यात कशाला?

लेकुरवाळी
@खिडकीची जागा, बासिनेट विमानात मोजकेच असतात, आणि आता त्या रांगेला जास्त पाय पसरता येतात म्हणून कंपन्या ती मोठ्या माणसांना जादा पैसे घेऊन विकतात. तिथे बहुतेक वेळा तुमच्यासारखेच लांब पायांचे लोक बसलेले असतात. बासिनेट मिळालं तरी पट्टे बांधायचा दिवा लागला की बाळ उचलून मांडीवर. नुकतं झोपलेलं असलं तरी. शिवाय प्रत्येक रांगेत जादा ऑक्सिजन मास्क एखादाच असतो, त्यामुळे दोन बाळं एका बाजूला शेजारी शेजारी बसवता येत नाहीत. बाळं विमानभर पसरलेली दिसतात ती त्यामुळे, तुम्हाला छळायला नव्हे.

साखरआंबा
मुलींनो, रागावू नका, पण चार महिन्यांचं बाळ एवढ्या लांब न्यायचंच कशाला? आमच्या वेळी पाच महिने माहेराबाहेर पाऊल टाकू देत नसत. जावळ, बारसं इथेच उरकायचं म्हणून तिकडून घेऊन येता, आणि परत जाताना हे रामायण. आणि दूध येत नाही असं काही नसतं. डिंकाचे लाडू, अळीव, शतावरी घ्या, मनावर घ्या, येतं. वरचं द्यायचंच झालं तर आम्ही वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने देत असू. कानात कापसाचे बोळे, टोपडं घट्ट, विषय संपला.

दीडशहाणी
मनावर घेतलं की दूध येतं. आजी, हे एक वाक्य मी बाळंतपणात इतक्या जणींकडून ऐकलंय की आता त्याचंच अजीर्ण झालंय. बाळ वेळेआधी झालं, काचेच्या पेटीत होतं, मला रक्तस्राव झाला होता. अळीव खाल्ले, सगळं खाल्लं. वजन मात्र वाढलं ते माझं.

आणि जावळासाठी आणलं नव्हतं हो. माझे वडील आजारी होते.

वऱ्हाडी ठेचा
काहून भांडून राह्यले बावा! कापसाच्या बोळ्यानं काही होत नाही, बोळा घातला तरी हवेचा दाब बदलतोच. बाळ गिळते तवा कान मोकळे होते, म्हणून चढताना-उतरताना काहीतरी चोखाले द्याचं. आम्ही नागपूरहून पुण्याले आलो तं आमच्यावाल्यानं टेकऑफलेच अख्खी बाटली संपवली. उतराची वेळ आली तं बाटली रिकामी, सीटबेल्टचा दिवा चालू, पाणी मागाची सोय नाही. खरा त्रास उतरतानाच होते. मंग काय, अख्ख्या विमानानं आयकलं. तवापासून सांगतो, विमान खाली येऊ लागलं की तवा बाटली काढा, चाकं टेकाच्या वेळेस नाही.

नापास इंजिनिअर
तुमचं चालू द्या, पण 'गरम पाणी' म्हणजे किती गरम, हे कोणीच बोलत नाही. पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत तग धरून राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या सूचनांत दूध कालवायचं पाणी किमान ७० अंश सेल्सिअस हवं असं म्हटलंय. केबिनमध्ये दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा. आठ हजार फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. तरी ७० मिळायला हरकत नव्हती. पण कोणी भाजू नये म्हणून त्यात गार पाणी ओतून देतात. तुमच्या हाती येईस्तोवर ते ५५-६० होतं. त्यात जंतू मरत नाहीत, त्यांचा शेक होतो फक्त.

वर ते टाकीतलं पाणी. अमेरिकेत विमानातल्या पिण्याच्या पाण्यासाठी २००९ साली वेगळा नियम करावा लागला, तो उगाच नाही. मी विमानात चहासुद्धा घेत नाही.

स्टेथोस्कोप खुंटीला
इंजिनिअरसाहेब, घाबरवण्यापुरती माहिती बरोबर आहे. या जंतूमुळे होणारा आजार दुर्मीळ आहे. झाला तर जीवघेणा, मान्य. पण धोका मुख्यतः दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या, किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांना. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसीसुद्धा ७० अंशांचा सल्ला देताना याच बाळांकडे बोट दाखवते. पाच महिन्यांच्या धडधाकट बाळाची आई तुमचा प्रतिसाद वाचून भुकेलं बाळ तसंच ठेवेल, ते जास्त वाईट.

मी उभी हयात बाळं तपासली. बाटलीमुळे आजारी पडलेली बाळं पाहिली ती न धुतलेल्या निपलमुळे आणि पातळ केलेल्या दुधामुळे. डबा महाग, मग चमचाभर पावडरीत दुप्पट पाणी.

नापास इंजिनिअर
डॉक्टर, दुर्मीळ म्हणून सोडून द्यायचं? २०२२ साली याच जंतूच्या संशयावरून मिशिगनमधला मोठा कारखाना बंद ठेवावा लागला, अख्ख्या अमेरिकेत डब्यांची टंचाई झाली, लोक दुकानं पालथी घालत होते. आणि उभ्या हयातीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

स्टेथोस्कोप खुंटीला
तुमचे ५५-६० अंश हा पुरावा आहे का? मोजलेत?

नापास इंजिनिअर
अंदाज आहे. बोट घालून कळतं.

स्टेथोस्कोप खुंटीला
बोट! बाळाच्या पाण्यात बोट घालून जंतूंवर प्रवचन.

लेकुरवाळी
दोघेही थांबा जरा. घरून थर्मासमध्ये खळखळतं पाणी घ्या, चांगला थर्मास असेल तर पहिल्या काही बाटल्या त्यावर निघतात, टाकीचं पाणी लागतच नाही. खरी अडचण पुढची, त्या पाण्यात केलेलं दूध गार कसं करायचं? मी प्लॅस्टिकच्या ग्लासात बर्फ मागते आणि बाटली त्यात उभी करते. पाणी मागितलं तर कपाळाला आठ्या, बर्फ मागितला तर लगेच. दारूवाल्यांची कृपा.

डॉक्टर मापाचं बोलले म्हणून सांगते. भारतातल्या डब्यांत साधारण ३० मिलीला एक सपाट चमचा. अमेरिकेतल्या बहुतेक डब्यांत चमचा मोठा, ६० मिलीला एक. आम्ही तिकडचा डबा घेऊन ठाण्याला आलो, सासूबाईंनी इथल्या सवयीने १२० मिलीला चार चमचे घातले. पावडर तळाशी गोळे होऊन बसली, निपल तुंबलं, बाळ ओढून ओढून लालबुंद. निपल तुंबलं म्हणून कळलं तरी! नाहीतर दुप्पट घट्ट दूध पोटात गेलं असतं. डबा बदलला की चमचाही त्याच डब्यातला वापरा, मागच्या डब्यातला धुऊन ठेवलेला नको.

साखरआंबा
शेवटी सासूच्याच माथी.

लेकुरवाळी
अहो आजी, डब्याच्या माथी मारलंय. त्यांनी बरोबर तेच केलं जे इथे बरोबर असतं.

कागदी घोडा
मुद्दा भलतीकडे गेलाय. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, आईला फुकट नमुने द्यायचे नाहीत. तरी आमच्या सुनेला डिस्चार्जच्या कागदावर कंपनीचं नाव लिहून मिळालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, वकिलाने मना केलंय. एकीकडे डबा हातात द्यायचा आणि दुसरीकडे बाई डबा वापरते म्हणून नाकं मुरडायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालच्या निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचं प्रमाण ६४ टक्के आहे. उरलेल्या छत्तीस टक्क्यांनी काय घरकोंबडे व्हायचं?

खिडकीची जागा
उरलेले सगळे डब्यावर असतात असं नाही, पाणी आणि गाईचं दूध पिणारेही त्यात आले. आकडे टाकताना जपून. आणि छत्तीस टक्के माझ्याच शेजारी बसतात की काय?

अर्धा कप
मी एरवी लिहीत नाही. आमची मुलगी पाच महिन्यांची असताना दत्तक आली. तिला घेऊन लगेच दिल्लीला जायचं होतं, कामच तसं होतं. विमानात शेजारच्या बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, "स्वतःचं नाही का पाजत?" बायको हातातली बाटली हलवत होती. हलवायची थांबली नाही. नुसतं "नाही" म्हणाली. मग त्या बाईंनी उतरेपर्यंत स्तनपानाचे फायदे सांगितले. मी मधल्या सीटवर होतो, काही बोललो नाही, त्याबद्दल घरी अजून ऐकतो.

"जमत नसेल तर" असं लिहिण्याआधी एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

साखरआंबा
दत्तकाचं वेगळं असतं. त्याबद्दल मी कुठे काय म्हटलं होतं? तुमच्या लेकीला आशीर्वाद. शतावरीचं मात्र मी मागे घेणार नाही.

खिडकीची जागा
ठीक आहे. "वर्षभर घरी बसावं" हे वाक्य काढून टाकतो. दीडशहाणी ताईंनी जल्लोष करू नये, गरम कप माझ्या मांडीवरून जाण्याबद्दलचं मत कायम आहे.

दीडशहाणी
जल्लोष करायला हात मोकळे कुठे आहेत. कपाचं मान्य, आईने पॅसेजची सीट घ्यावी. पण ती निवडायचे जादा पैसे कंपनी मागते, बाळ आहे म्हणून सूट देत नाही. त्यावर कोणी एक ओळ लिहिली नाही.

वऱ्हाडी ठेचा
लिहिलं असतं, पण तुमचं पाणीच निवून नाही राह्यलं.

नापास इंजिनिअर
पुढच्या महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला चाललोय. थर्मामीटर घेऊन जातो, दर तीन तासांनी पाणी मागतो, मोजतो आणि आकडे इथे टाकतो. मग डॉक्टरांनी बोटाचा विषय काढायचा नाही.

स्टेथोस्कोप खुंटीला
जरूर मोजा. आमच्या काळातला पाऱ्याचा नेऊ नका, केबिनमध्ये चालत नाही. आणि ताप मोजायचाही नको, तो ४२ अंशांपुढे जात नाही. स्वयंपाकाचा डिजिटल घ्या. त्याला सुईसारखं लांब टोक असतं, ते सुरक्षा तपासणीत कदाचित काढून घेतील, पण तो तुमचा प्रश्न.