मदत हवी आहे : आई घरी पडल्यास कळवणारे भरवशाचे साधन
नमस्कार. माझी ७८ वर्षांची आई धरमपेठेतील घरी दिवसभर एकटी असते आणि माझी नोकरी सुमारे ३० किलोमीटरवरील बुटीबोरीत आहे. म्हणून तिला पडल्याची सूचना आपोआप पाठवणारे मनगटी घड्याळ घेऊन दिले. परंतु अशी घड्याळे हालचालीतील अचानक बदल आणि आघात यांवरून पडणे ओळखतात. त्यामुळे मागच्या महिन्यात आई पलंगाला धरून हळूहळू खाली घसरली तेव्हा घड्याळ गप्पच राहिले आणि ती पाऊण तास फरशीवर पडून होती. त्यातच आंघोळीला जाताना, म्हणजे घसरण्याची भीती सर्वांत जास्त असते नेमक्या त्याच वेळी, ती ते काढून ठेवते. घरात कॅमेरा तिला नको आहे, आणि तिचा हा नकार मला मान्य आहे.

रडारच्या तत्त्वावर चालणारे, चित्र न टिपणारे, भिंतीवरील सेन्सर कोणी नागपुरात वापरले आहेत काय? उन्हाळ्यात कुलरच्या वाऱ्याने पडदे सतत हलत असताना ते खोट्या सूचना देतात का? वीज गेल्यावर वाय-फाय बंद पडले, तरी सूचना पोहोचते का? किल्ली शेजारच्या काकूंकडे दिलेली आहे, पण त्यांनाही गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे आईला उचलणे जमणार नाही. तेव्हा दुपारी तीन-चार तास येणाऱ्या प्रशिक्षित मदतनीस ताई कोणाच्या परिचयात असल्यास कृपया तेही कळवावे.