इलेक्ट्रिक गनच्या पिना अर्धवट वर राहतायत, गन खराब आहे का?

खटपट्या:
मंडळी, खुर्च्यांच्या बैठकींचं कापड बदलायला काढलंय. जुनं उचकटून झालं, फोम कापून ठेवला आणि खास त्यासाठी इलेक्ट्रिक गन आणली, तीच ती वायरवाली, खिळे आणि स्टेपलच्या पिना दोन्ही मारणारी. तर पिना पूर्ण आत बसतच नाहीयेत, काही नीट जातात, काही एका बाजूने वर राहतात, मग त्या हातोडीने ठोकत बसायचं, आणि मग हातोडीच वापरायची होती तर हे आणलंस कशाला अशी घरून विचारणा चालू झालीय. पॉवरचं बटण फुल्लवर आहे. पिना १४ एमएम, बैठकीची प्लाय १२ एमएम. गनच डिफेक्टिव्ह आहे का? आणि याच गनने स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी असतात त्या लाकडी पट्ट्या मारता येतील का, त्या पण सुटल्यात.

करवत:
गन परत करायची घाई नको. १२ च्या प्लायला १४ ची पिन कशाला हो, पूर्ण आत गेली असती तर वरून बसणाऱ्याला टोचली असती :) कापडाला ८ पुरते, कापड जाड असेल तर १०. या गनमध्ये एक कॉइल असते, ट्रिगर दाबला की तिचं चुंबक होतं आणि आतला दांडा फाटकन खाली जातो, जो काय जोर तो त्या एका फटक्यात, पिनेचे पाय लांब आणि लाकूड कडक असलं की तो निम्म्यातच संपतो.
दुसरं म्हणजे फटका बसताना गन स्वतः मागे उडते आणि तेवढी पिन वर राहते. एका हाताने मूठ धरा, दुसऱ्या हाताचा तळवा गनच्या डोक्यावर ठेवून चांगलं दाबा, नाक सपाट टेकलेलं पाहिजे, आणि फट्ट आवाज झाला तरी लगेच उचलू नका. एकच बाजू वर राहते म्हणजे गन तिरकी धरली जातेय.

उसवण:
+१. एक्स्टेंशन लावलंय का? लांब आणि बारीक वायरचं असेल तर व्होल्टेज पडतं आणि गन मरगळते. सलग मारत सुटलात तर कॉइल पण तापते, मधेमधे थांबा.
आणि कापड लावताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारा, समोरासमोर ताणून, मग मध्यापासून कोपऱ्याकडे सरकत जा. एका कोपऱ्यापासून सुरू केलं की शेवटच्या कोपऱ्यात सगळ्या सुरकुत्या गोळा होतात आणि मग त्या काही केल्या लपत नाहीत. कोपरे सगळ्यात शेवटी, चुण्या घालून, आतलं जादा कापड कापून टाकायचं, नाहीतर तिथे एवढे थर होतात की पिन लाकडापर्यंत पोचतच नाही.

खटपट्या:
एक्स्टेंशनच होतं! गुंडाळीवालं, सुतळीएवढी वायर. आता थेट भिंतीतल्या प्लगला लावून १० च्या पिना मारतोय, मस्त बसतायत, फक्त मधेच एखादी अडकते. स्कर्टिंगचं सांगा ना कुणीतरी.

नटबोल्ट:
स्पष्ट बोलतो, या टू-इन-वन गनमधला खिळ्याचा भाग बराचसा खोक्यावर छापण्यापुरता असतो. साधारण १५-१६ एमएमचा खिळा जातो त्यात. जी पट्टी मारायची तिच्या जाडीच्या दुप्पट, जमलं तर तिप्पट खिळा पाहिजे. तुमची स्कर्टिंग १२ ची धरली तर मागे उरला किती, ३-४ एमएम! तो काय धरणार. आणि मागे विटा किंवा काँक्रीट असेल तर विषयच संपला, खिळा वाकणार, नाहीतर उडून तोंडावर येणार. तिथे ड्रिलने भोक, त्यात प्लास्टिकचा प्लग आणि मग स्क्रू. मागे लाकडी पट्टी असेल तर १८ गेजची ब्रॅड नेलर (बारीक खिळे मारणारी खास गन) भाड्याने आणा, ५० एमएमपर्यंतचे खिळे मारणाऱ्या मिळतात.

करवत:
अगदीच छापण्यापुरता नाही हो. कपाटाची मागची ३-४ एमएमची प्लाय, फोटोफ्रेम, बारीक बीडिंग या कामांना छान आहे. बीडिंगला खाली गोंद लावायचा, खरी पकड गोंदाचीच, खिळे फक्त तो वाळेपर्यंत पट्टी जागेवर धरतात. या खिळ्यांना डोकं जवळजवळ नसतंच, त्यामुळे खूण दिसत नाही, पण त्याच कारणाने सरळ ओढलं तर उपटून येतात. वजन लटकवायचं असेल तर नादी लागू नका.
टोकाच्या अगदी जवळ मारलं तर पट्टी फाटते, थोडं आत घ्या. आणि पट्टी धरलेला हात लांब ठेवा, वीतभर तरी. बारीक खिळा लाकडाच्या रेषेबरोबर वळतो आणि बाजूने बाहेर येतो, तुम्ही सरळ मारला म्हणून तो सरळ जाईलच असं नाही. गॉगल तर हवाच.

उसवण:
अडकलेल्या पिनेबद्दल: आधी प्लग काढायचा. बटण बंद केलं तेवढ्याने भागत नाही, प्लगच काढा, मग मॅगझिन, म्हणजे पिना भरायचा कप्पा, सरकवून बारीक पकडीने पिन ओढा. वारंवार अडकत असेल तर पिनांचा नंबर तपासा. लांबी तीच असली तरी पाठीची (दोन पायांमधल्या आडव्या भागाची) रुंदी आणि तारेची जाडी वेगळी असते, गनवर जो प्रकार लिहिलाय तोच घ्यायचा, दिसायला सारख्या असल्या तरी चालत नाहीत.

कुलूपकिल्ली:
विषयात घुसतो, सॉरी. याच गनने टीव्हीमागच्या वायरी लाकडी पॅनलला पिना मारून बसवता येतील का? फार लोंबतायत.

नटबोल्ट:
सपाट पिनांनी अजिबात नको, पाठ वायरीत रुतते आणि आवरण कापलं जातं, विजेची वायर असेल तर शॉर्ट. केबलसाठी अर्धगोल पाठीच्या पिना आणि त्यांची वेगळी गन येते, ती पण बारीक सिग्नलच्या वायरींनाच. तुमच्या कामाला चिकटपट्टीवाल्या क्लिपा बास.