तडीपारीचा आदेश नेमका कुठे तपासायचा? कलम ५६ आणि गोपनीय साक्षीदार

प्रश्न: प्रबंधाचं_ओझं

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खालच्या हद्दपारीच्या आदेशांवर एलएलएमचा (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध आहे. दीपक लक्ष्मण डोंगरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (सर्वोच्च न्यायालय, २८ जानेवारी २०२२) हा निकाल मधोमध ठेवलाय. तीन प्रश्न:

१. आदेश टिकतो की पडतो हे ठरवताना कागदावर आधी काय बघायचं?
२. 'साक्षीदार अ' आणि 'साक्षीदार ब' यांचे बंद खोलीतले जबाब. नाव नाही, उलटतपासणी नाही. घटनेच्या दृष्टीने हे कसं बसतं?
३. दोषी ठरवल्याशिवाय माणसाला घराबाहेर काढणं, यावर नुसत्या भावनेपलीकडे काही ठोस लिहिता येईल का?

उत्तर: जुनी_फाईल

पहिल्या प्रश्नापुरतं. आदेश हातात आला की तर्क नंतर वाचा, आधी तारखा काढा. शेवटच्या गुन्ह्याची, पोलीस ठाण्याने प्रस्ताव पाठवल्याची, कलम ५९ च्या (म्हणणं मांडायची संधी देणाऱ्या) नोटिशीची आणि आदेशाची, अशा चार तारखा एका ओळीत मांडल्या की अर्धं उत्तर तिथेच दिसतं. डोंगरेंवर काढलेल्या हद्दपारीच्या आदेशात २०१३ आणि २०१८ चे गुन्हेही धरले होते. शिळ्या गुन्ह्यांचा आजच्या कारवाईशी जिवंत धागा लागत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट म्हटलं.

त्यानंतर नोटीस आणि आदेश शेजारी ठेवून गुन्ह्यांची यादी ओळीने ताडून पाहा. नोटिशीत नसलेला गुन्हा आदेशात शिरला असेल तर त्या माणसाला त्याबद्दल बोलायची संधीच मिळाली नाही. कलम ५९ तिथेच मोडलं. यादीतल्या एखाद्या खटल्यात निर्दोष सुटका झाली असेल आणि आदेशात त्याचा उल्लेखही नसेल, तर तीही खूण करून ठेवा.

तिसरी जागा म्हणजे मुदत. कलम ५८ मध्ये दोन वर्षं ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. पूर्ण दोन वर्षं का, सहा महिने का पुरत नाहीत, याचं एखादं वाक्य तरी आदेशात हवं. बहुतेक वेळा तेच नसतं. डोंगरेंचा आदेशही याच मुद्द्यावर लंगडा ठरला.

क्षेत्राचं विसरू नका. कायदा लगतचे जिल्हेही घालू देतो, पण सगळे गुन्हे एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीतले असताना तीन जिल्ह्यांतून बाहेर काढलं असेल तर त्याचं कारण शोधा.

उत्तर: मधला_मार्ग

वरच्यात एक भर. कलम ५६(१) चे खंड (अ) आणि (ब) वेगळे काढून वाचा. (अ) मध्ये हालचालींमुळे भीती, धोका किंवा इजा. (ब) मध्ये बळजबरीचे, किंवा भारतीय दंड संहितेच्या प्रकरण १२ (नाणी व मुद्रांक), १६ (शरीर), १७ (मालमत्ता) मधले गुन्हे, आणि शिवाय साक्षीदार भीतीपोटी उघडपणे साक्ष द्यायला तयार नाहीत असं अधिकाऱ्याचं मत. (ब) लावलं आणि हे मत नोंदवलंच नाही, तर आदेश उभा राहत नाही. छापील नमुन्यात दोन्ही खंड एकाच वाक्यात कोंबलेले असतात आणि पुढचा मजकूर फक्त (अ) चा असतो. अशी चूक वारंवार भेटेल.

नव्या आदेशांत प्रकरणांचे क्रमांकही जपून वाचा. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत मालमत्तेविरुद्धचे गुन्हे योगायोगाने प्रकरण १७ मध्येच आहेत, शरीराविरुद्धचे मात्र प्रकरण ६ मध्ये, आणि स्त्रिया व मुलांविरुद्धचे प्रकरण ५ मध्ये.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पंढरीनाथ रांगणेकर (१९७३) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचल्याशिवाय गोपनीय जबाबांवर टीका करू नका. आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप कळवलं की पुरे, बारीक तपशील दिला तर साक्षीदार ओळखू येतील, ही तिथली भूमिका. म्हणजे नाव लपवणं हा स्वतः दोष नाही. बघायचं ते हे, की जबाब वरिष्ठ अधिकाऱ्याने पडताळलाय का? की 'पाहिले, सत्य वाटते' असा शिक्का मारून सही केलीय? जबाबात दिवस-वेळ, जागा, धमकी कशी दिली, यातलं काही आहे का? 'अ' आणि 'ब' चे जबाब ठेवा एकमेकांवर. वाक्यं जशीच्या तशी जुळली तर ते एकाच हाताने लिहिलेत हे सांगायला वकील लागत नाही.

उत्तर: प्रबंधाचं_ओझं

एक शंका. त्याच माणसाच्या प्रलंबित खटल्यांत दोषारोपपत्राला साक्षीदारांची नावानिशी यादी जोडलेली असते. मग 'साक्षीदार पुढे येत नाहीत' हे खोटंच नाही का?

उत्तर: मधला_मार्ग

मुद्दा चांगला आहे, पण इतका सोपा नाही. कायद्याचे शब्द 'उघडपणे साक्ष देण्यास' असे आहेत. पोलिसांपुढे जबाब देणं आणि आरोपी समोर बसलेला असताना कोर्टात बोलणं यात अंतर आहे, आणि सरकारी बाजू हेच सांगेल. हा मुद्दा खरा लागू पडतो तो खटला चालून साक्षीदारांनी कोर्टात येऊन साक्ष दिलेली असेल तेव्हा. म्हणून रोजनामे (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी) मागवा, नुसत्या दोषारोपपत्रावर थांबू नका.

उत्तर: तळटीप

तिसऱ्या प्रश्नाचा खजिना सर्वोच्च न्यायालयाच्या १९५६ च्या हरी खेमू गवळी निकालात आहे. तो कलम ५७ वरचा, म्हणजे आधी शिक्षा झालेल्यांच्या हद्दपारीवरचा. बहुमताने कलम वैध ठरवलं. न्या. जगन्नाधदास यांनी मात्र वेगळं मत दिलं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: त्याआधी गुरबचन सिंग (१९५२) प्रकरणात हद्दपारी वाजवी ठरली ती साक्षीदार घाबरतात, नेहमीचा खटला चालतच नाही, या कारणाने. कलम ५७ मध्ये ती अट नाही, मग बंधन वाजवी कशाच्या जोरावर? हा प्रश्न आज उलटा फिरवून कलम ५६ ला विचारा. तिथे अट आहे, पण ती शिक्क्यापुरती उरली असेल तर घटनेच्या अनुच्छेद १९(५) मधल्या (फिरण्या-राहण्याच्या स्वातंत्र्यावर फक्त वाजवी बंधनं घालू देणाऱ्या) 'वाजवी' या शब्दाला आधार कसला?

दुसरं टोक म्हणजे प्रमाणशीरता, म्हणजे बंधन हेतूच्या मानाने जास्त तर नाही ना. मॉडर्न डेंटल (२०१६) आणि पुट्टस्वामी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतली चाचणी लावा: यापेक्षा सौम्य उपाय होता का? होता. साध्या भाषेत चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ११०, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२९). जामिनाच्या अटी मोडल्या तर जामीन रद्द करायचा अर्ज. हे उपाय का अपुरे पडले हे आदेशात दिसतं का? निकालांचा तक्ता करून त्यात हा रकाना घाला. माझ्या मते प्रबंधाचा कणा तोच होईल. शिवाय डोंगरे निकालानेच म्हटलंय की हा उपाय असाधारण आहे, त्याने माणूस घरच्यांपासून तुटतो आणि रोजीरोटीही जाऊ शकते.

'दोष सिद्ध न होता शिक्षा' हे वाक्य मात्र जपून वापरा. हद्दपारी ही शिक्षा नव्हे, प्रतिबंधक उपाय, हे उत्तर तयारच असतं. त्यापेक्षा परिणाम मोजा.

उत्तर: जुनी_फाईल

परिणाम मोजायचे तर वेळही मोजा. कलम ६० खाली अपिलाला ३० दिवस. अपील राज्य शासनाकडे, पण जिल्ह्यातली बरीच अपिलं विभागीय आयुक्तांपुढे ऐकली जातात. ते फेटाळलं की उच्च न्यायालयात रिट याचिका. तोवर मुदतीचं घड्याळ चालूच. आदेश रद्द झाला त्या दिवशी दोन वर्षांपैकी किती महिने भोगून झाले होते, हा आकडा प्रत्येक निकालातून तारखांवरून काढता येतो. दरम्यान माणूस परवानगीशिवाय हद्दीत सापडला तर कलम १४२ चा स्वतंत्र गुन्हा लागतो. मूळ आदेश पुढे रद्द झाला तर त्या गुन्ह्याचं काय होतं, हे वेगळं प्रकरण करून लिहा. त्याचे निकाल डोंगरेबरोबर मिसळू नका, तिथली तथ्यं वेगळी असतात.