युद्धात उतरण्याचा निर्णय नेमका कोणत्या दिवशी होतो?

प्रश्न : माध्यमिक शिक्षक, सेलू तालुका, जिल्हा वर्धा

नमस्कार. मी नववी-दहावीच्या मुलांना इतिहास शिकवतो. शीतयुद्ध शिकवताना व्हिएतनामचा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे युद्ध लढायचे असे अमेरिकेने कोणत्या दिवशी ठरवले?" मी 7 ऑगस्ट 1964 ही तारीख सांगितली. त्या दिवशी अमेरिकी काँग्रेसने टोंकिनच्या आखातासंबंधीचा ठराव संमत केला आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना आग्नेय आशियात सैन्यबळ वापरण्याची मुभा मिळाली. तिचे समाधान झाले नाही. फळ्यावर लिहिलेले आकडे तिने वहीत उतरवून घेतले होते. 1964 च्या अखेरीस तेथे सुमारे 23,000 अमेरिकी सैनिक, 1965 च्या अखेरीस 1,84,000 आणि 1969 मध्ये 5,43,000. "मग ही वाढ कुणी आणि कधी ठरवली?" या तिच्या प्रश्नाला मी त्या तासाला नीट उत्तर देऊ शकलो नाही.

एखादा नेता पूर्ण विचाराने राष्ट्राला एवढ्या खोलवर नेतो, की एकेका लहान निर्णयाने तो स्वतःही त्यात ओढला जातो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : कास्तकार, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ

गुरुजी, मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचल्यावर मला आमच्या वावरातली बोअर आठवली. माझ्या वडिलांनी दोनशे फुटांचा ठराव करून मशीन बोलावली होती. दोनशे फुटांवर नुसती पांढरी कोरडी भुकटी वर आली. तेव्हा वडील म्हणाले, एवढा खर्च झालाच आहे, आणखी पन्नास फूट जाऊ द्या. अडीचशेवर भुकटी जराशी ओलसर वाटली, म्हणून आणखी पन्नास. तीनशेवर पुन्हा कोरडी, पण आता थांबले तर आधीचे सगळे पैसे मातीत गेले असे कबूल करावे लागणार होते. पेरणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या रात्री बोअरमध्ये गेले. तीनशे चाळीस फुटांवर माझी आई धुऱ्यावरून चालत आली आणि मशीनवाल्याला म्हणाली, "दादा, रॉड वर काढा." वडील काही बोलले नाहीत. तीनशे चाळीस फूट खोदायचे असे आमच्या घरात कुणीही, कधीही ठरवले नव्हते.

व्हिएतनामबद्दल मी जे वाचले आहे, त्यात मला हाच क्रम दिसतो. 8 मार्च 1965 रोजी दा नांग येथे सुमारे 3,500 मरीन सैनिक उतरले, ते केवळ विमानतळाच्या रक्षणासाठी. विमानतळ यासाठी राखायचा होता, की तेथून उत्तर व्हिएतनामवर बॉम्बहल्ले सुरू झाले होते. तळाची राखण करायची तर आजूबाजूच्या रानातला शत्रू हुसकावला पाहिजे, म्हणून गस्त वाढली. गस्तीवर माणसे मारली जाऊ लागली, म्हणून आणखी तुकड्या आल्या. प्रत्येक पायरीला मागच्या पायरीचे कारण तयार होते आणि शेवटची पायरी कोणती, हे कुणी मुक्रर केले नव्हते. तुम्ही विचारलेली तारीख म्हणूनच सापडत नसावी.

उत्तर 2 : इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, अंजनगाव सुर्जी

दादा, तुमच्या आईंचा प्रसंग मनाला भिडला. तरीही या तुलनेशी मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही, आणि का ते मुलांपर्यंत पोहोचावे असे मला फार वाटते. तुमच्या वडिलांनी किती फूट खोदले हे घरापासून लपवले नव्हते. भुकटी सर्वांच्या डोळ्यांसमोर वर येत होती. जॉन्सन यांच्या सरकारने मात्र नेमकी खोलीच लपवली.

6 एप्रिल 1965 च्या एका अंतर्गत आदेशाने मरीन सैनिकांचे काम तळाच्या रक्षणावरून प्रत्यक्ष चढाईकडे वळवण्यात आले, आणि या बदलाची वेळेआधी प्रसिद्धी होऊ नये अशी सूचना त्याच आदेशात होती. सर, तुमच्या विद्यार्थिनीला एक तारीख द्यायचीच असेल, तर मी ही देईन. त्या दिवशी युद्धाचे स्वरूप पालटले, आणि ज्यांची मुले लढणार होती त्यांना ते कळू नये याची तजवीजही त्याच दिवशी झाली. पुढे 28 जुलैला जॉन्सन यांनी सैन्य 75,000 वरून 1,25,000 करत असल्याची घोषणा केली, तीही रात्री राष्ट्राला उद्देशून भाषण करून नव्हे, तर दुपारच्या एका पत्रकार परिषदेत; शिवाय राखीव दले बोलावणार नाही असेही सांगितले. राखीव दले बोलावली असती तर गावोगावचे संसारी पुरुष उचलले गेले असते आणि घराघरांत प्रश्न विचारला गेला असता.

त्यांना कुणी सावध केले नाही असेही नाही. परराष्ट्र खात्याचे उपमंत्री जॉर्ज बॉल यांनी त्याच जुलैच्या आरंभी लेखी कळवले होते, की एकदा मोठ्या संख्येने सैनिक मरू लागले की परत फिरणे जवळजवळ अशक्य होईल. 30 नोव्हेंबर 1965 च्या टिपणात संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी स्वतः लिहिले, की आणखी सैन्य पाठवूनही यशाची हमी नाही आणि महिन्याला हजार सैनिक मारले जाऊ शकतात. त्याच टिपणात त्यांनी आणखी सैन्य पाठवण्याची शिफारसही केली. तोपर्यंत मृत अमेरिकी सैनिकांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. युद्ध संपेपर्यंत ती 58,000 च्या पुढे गेली. व्हिएतनामी मृत्यू तर लाखांच्या हिशेबात मोजावे लागतात.

टोंकिन ठरावाच्या वेळी प्रतिनिधिगृहात विरोधात एकही मत पडले नाही आणि सिनेटमध्ये केवळ दोन पडली, ऑरेगनचे वेन मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग यांची. अमेरिकी युद्धनौकांवरच्या 4 ऑगस्टच्या ज्या दुसऱ्या हल्ल्याचा आधार घेऊन तो ठराव मांडला गेला, तो हल्ला झालाच नव्हता, हे आता त्यांच्याच सरकारी कागदपत्रांतून उघड झाले आहे. मॉर्स आणि ग्रुएनिंग हे दोघेही 1968 मध्ये आपापली जागा गमावून बसले.

उत्तर 3 : शेतकरी, चिखली तालुका, जिल्हा बुलढाणा

दूरच्या देशाचे उदाहरण घेताना आपल्या घरचे विसरू नये, म्हणून लिहितो. माझे थोरले भाऊ 1987 मध्ये शांतिसेनेतून श्रीलंकेत गेले होते. 29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला. तमिळ संघटनांनी शस्त्रे खाली ठेवायची आणि आपल्या सैन्याने शांतता राखायची, असे त्याचे स्वरूप होते. भावाचे पहिले आंतर्देशीय पत्र आले, त्यात लिहिले होते, "काम थोडेच आहे, शस्त्रे जमा करून घ्यायची आहेत, दिवाळीला रजा मिळेल असे वाटते." ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाफन्यात आपलेच सैन्य तमिळ वाघांशी, म्हणजे लिट्टे या संघटनेशी, लढू लागले. त्या दिवाळीला भाऊ आले नाहीत आणि पत्रही आले नाही. आईने अंगणात पणती लावली आणि ती विझेपर्यंत तेथेच बसून राहिली.

सुरुवातीला एक डिव्हिजन गेली होती; पुढे चार डिव्हिजन झाल्या. श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी 1989 च्या जूनमध्ये आपल्या सैन्याला निघून जाण्यास सांगितले, तरी शेवटची तुकडी 24 मार्च 1990 रोजी परतली. अकराशेंहून अधिक जवान गेले. भाऊ परत आले, आणि त्याबद्दल आमचे घर देवाचे आभार मानते. पण ते एकच गोष्ट वारंवार सांगत असत : "आम्ही गेलो तेव्हा काम वेगळे होते, आणि ते कधी बदलले हे आम्हाला कुणी सांगितले नाही." प्राध्यापिका ताईंनी 6 एप्रिलच्या आदेशाविषयी लिहिलेले वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू आला.

उत्तर 4 : वाचक, आर्वी

एक बाजू राहून गेली असे वाटते. नेत्याचा निर्णय दर वेळी राष्ट्राला खोलातच नेतो असे नाही. 1999 मध्ये कारगिलच्या वेळी वाजपेयी सरकारने 26 मेपासून हवाई दल वापरले, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हा दंडक अखेरपर्यंत पाळला. त्याची किंमत जवानांनी मोजली, कारण शत्रूला मागून घेरता येत नव्हते आणि उभ्या कड्यांवर समोरून चढावे लागले. पाचशेहून अधिक जवान शहीद झाले. तरीही कुठे थांबायचे हे आधी ठरले होते आणि देशाला ते ठाऊक होते.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून ऋणी आहे. दादा, तुमच्या आईंची गोष्ट मी तुमचे नाव-गाव न सांगता वर्गात सांगितली. मुले बराच वेळ गप्प होती.

ताईंच्या उत्तरामुळे मला आमच्याच जिल्ह्यातले काही आठवले, जे या विषयाला जोडून शिकवायचे मला आजवर सुचले नव्हते. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्यानंतर काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात बसली आणि 14 सप्टेंबरच्या निवेदनात तिने सरकारला विचारले, की हे युद्ध कशासाठी आहे ते स्पष्ट करा. समाधानकारक उत्तर आले नाही, आणि प्रांतांतली काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. वर्षभराने, 17 ऑक्टोबर 1940 रोजी, विनोबांनी पवनारला युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि काही दिवसांतच त्यांना अटक झाली. पवनार आमच्या शाळेतील कित्येक मुलांच्या नेहमीच्या वाटेवर आहे.

वर्गाच्या भिंतीवर आम्ही एक लांब कागद लावला आहे. त्यावर तारखा लिहिल्या आहेत आणि प्रत्येक तारखेखाली दोन रकाने ठेवले आहेत : "कुणी विचारले?" आणि "काय उत्तर मिळाले?" 6 एप्रिल 1965 खालचे दोन्ही रकाने त्या विद्यार्थिनीने कोरे ठेवले आहेत. 29 जुलै 1987 खाली काय लिहावे, यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही. चिखलीचे भाऊ, आपली हरकत नसेल तर त्या आंतर्देशीय पत्रातले ते एक वाक्य तेथे लिहावे अशी मुलांची इच्छा आहे. कृपया कळवावे.